बारदान वजा जाता

त्र्याहत्तर सालच्या संक्रांतीपासून पाडव्यापर्यंत माझं वजन सहा किलोंनी उतरलं आणि आबांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, अकरा किलोंनी. माझं मी उतरवलं होतं. त्यांचं उतरत होतं. दर रविवारी आम्ही दोघं एकाच काट्यावर एकामागून एक उभे राहत होतो, दोघांचे आकडे मीच खडूनं लिहीत होतो आणि दोन्ही आकडे खाली जाताना पाहून मला सारखाच आनंद होत होता. त्या आनंदाची मला आजही लाज वाटते.

आबा श्रीरामपूरच्या बाजारात मापाडी होते. शेतकऱ्याचा माल आला की तो काट्यावर घ्यायचा, वजन मोठ्यानं पुकारायचं आणि पोत्यावर खूण करायची, हे त्यांचं काम. शाळेत ते दुसरीपर्यंतच गेले होते. पण हमालाच्या पाठीवरचं पोतं लांबून पाहून ते किती भरेल हे सांगायचे, आणि काटा सहसा त्यांना खोटं पाडायचा नाही. पहिल्या पोत्याला ते ‘एक’ म्हणत नसत, ‘लाभ’ म्हणत. लाभ, मग दोन, मग तीन. शेवटी रिकाम्या पोत्यांचं, म्हणजे बारदानाचं, वजन एकूण वजनातून काढून टाकायचं. “बारदान वजा जाता...” असं म्हणून ते थोडं थांबत आणि मग जो आकडा सांगत तो शेवटचा. त्यावर व्यापारीही बोलत नसे आणि शेतकरीही.

मी लहानपणी फार किडकिडीत होतो. शाळेत नाव घालायच्या दिवशी आबांनी मला त्या काट्यावर उभं केलं होतं. “अर्धा मन बी भरंना,” ते हमालांना म्हणाले, “हे पोती उचलायच्या कामाचं न्हाई. याला शिकवाय पायजे.” माझ्या शिक्षणाचं कारण ते पुढं जन्मभर हेच सांगत आले. पण मी नगरला कॉलेजात होतो तेव्हा दर तिसऱ्या दिवशी पहाटे उठून एसटीच्या ड्रायव्हरकडे माझा भाकरीचा डबा देणारे तेच होते. चार वर्षांत डबा चुकला असं दोनदाच झालं, आणि दोन्ही वेळा गाडीच आली नव्हती. आमच्या घराण्यात पदवी मिळवणारा मी पहिला. ती पदवी त्या डब्याची आहे असं मी मानत आलो.

पदवी मिळाल्यावर गावातच पाटबंधारे खात्याच्या कचेरीत मला कारकुनाची नोकरी लागली. दिवसभर खुर्चीत बसून पाण्याचे अर्ज नोंदवायचे. घरी आई वाढायला बसलेली. आजवर जे वाढता आलं नव्हतं ते सगळं तिला आता वाढायचं होतं. दोन वर्षांत मी ऐंशी किलोंच्या वर गेलो. सदऱ्याची बटणं ताणायला लागली तेव्हा आईनं माझ्यावरून मीठ-मोहऱ्या ओवाळून टाकल्या. आबा बाजारात सांगायचे, “आमच्या सायबाला आता दोघांनी मिळून उचलावं लागंल.” आमच्या घरात माझ्याआधी कुणी लठ्ठ झालेलं नव्हतं. भिंतीवर पदवीचा कागद टांगला होता, तो दोघांनाही वाचता येत नव्हता. माझं अंग मात्र त्यांना वाचता येत होतं.

बहात्तरला पाऊस झालाच नाही. दिवाळीनंतर बाजारात माल येईनासा झाला. जिथं पोत्यांच्या थप्प्यांतून वाट काढावी लागायची तिथं कुत्री झोपायला लागली. आबा तरीही रोज सकाळी जाऊन काटा पुसायचे, तेल घालायचे आणि दुपारी परत यायचे. रेशनवर परदेशातून आलेली लाल मिलो मिळे. तिची भाकरी थापतानाच चिरायची आणि गार झाली की पत्र्यासारखी व्हायची. माझ्या पगारामुळं आमच्या घरात थोडी ज्वारी होती. ती आई माझ्यासाठी राखून ठेवायची. तिला आणि आबांना मिलो.

अशा दिवसांत मला वजन कमी करायला सांगण्यात आलं.

नोकरीत कायम व्हायचं तर प्रकृतीचा दाखला लागत होता. गावातले एक वयस्कर डॉक्टर तो देत. त्यांनी माझ्या दंडाला पट्टा गुंडाळला, हवा भरली, सोडली, परत भरली.

“वय काय तुमचं?”

“पंचवीस.”

“हा दाब पंचवीसचा नाही. जिना चढताना धाप लागते?”

“थोडी.”

“थोडी म्हणजे लागते.” त्यांनी कागदाचा एक कपटा ओढला आणि बोलत बोलत लिहिलं. “औषध देत नाही. तीन भाकरींच्या दोन करा. रात्रीचा भात बंद. चहा दोनच वेळा, आणि त्यात साखर निम्मी. रोज पाऊण तास चाला. पाच-सहा किलो उतरले तरी पुष्कळ झालं, तुम्हाला काही आखाड्यात उतरायचं नाही. तीन महिन्यांनी या, दाखल्यावर तेव्हा सही करीन.”

तो कागद मी घरी वाचून दाखवला. आई भडकली.

“लोकांला खायाला न्हाई म्हनून लोकं वाळाय लागली, आन् ह्यो डाक्टर खात्या तोंडातलं काढतोय! पोराला दिष्ट लागली म्हना की सरळ.”

दुसऱ्या दिवशी ताटात दोनच भाकरी आल्या. पण त्या बोटभर जाड होत्या आणि परातीएवढ्या. मी तिच्याकडं पाहिलं तर ती चुलीकडं तोंड करून म्हणाली, “दोन म्हनला ना डाक्टर? मोजून घे. दोनच हायेत.” आबा इतके हसले की त्यांना ठसका लागला. ते तसं हसलेले मला त्यानंतर फारसं आठवत नाही.

साखरेचंही तसंच. साखर रेशनची. आई पितळी डब्यातून चमचाभर काढायची, निम्मी माझ्या कपात टाकायची आणि उरलेली निम्मी डब्यात परत न टाकता तशीच आबांच्या कपात रिकामी करायची. “तुजी साखर तुज्या बापाला,” ती म्हणायची. “जल्मभर गुळाचा काळा चहा पिला त्यांनी. आता लेकाच्या वाटनीचा गोड पिऊ दे.” माझी सोडलेली तिसरी भाकरी, तीही ज्वारीची, आबांच्या ताटात जायला लागली. रात्रीचा भातही. मला फार बरं वाटायचं. इतकी वर्षं त्यांच्या ताटातलं माझ्या डब्यात येत होतं. आता मी सोडलेलं काहीतरी त्यांच्यापर्यंत पोचत होतं. आबांचं खाणंही तेव्हा चांगलं होतं. मागून घ्यायचे. “भूक लई लागती रं,” म्हणायचे. दुष्काळात भूक लागते असं कुणी म्हटलं तर त्यात काय शोधायचं?

चालायला मी एकटाच जाणार होतो. आबांनी ते होऊ दिलं नाही.

“रिकाम्या हातानं पाटाच्या कडंनं फिरत ऱ्हाशील? लोकं काय म्हनतील? शिकून याड लागलं म्हनतील.”

“मग काय करू?”

“काई तरी हातात पायजे. हातात काई आसलं म्हंजे मानूस कामाला चालल्यावानी दिसतो.”

म्हणून ते बरोबर आले, आणि येताना खांद्यावर एक रिकामं पोतं घेऊन आले. कुणी विचारलं तर वैरण बघायला चाललोय म्हणायचं. सगळ्या मुलखात वैरणीची काडी नव्हती, पण पोतं खांद्यावर असल्यावर कुणी विचारलंच नाही. पायात त्यांनी वहाणा घातल्या होत्या. माझ्या पहिल्या पगारातून मी घेतलेल्या त्या वहाणा तोवर खुंटीला टांगलेल्या असत. बाजारात ते अनवाणीच वावरायचे. “सायबाच्या संगं चालायचं तर बरं दिसाय पायजे,” असं म्हणून त्यांनी त्या खुंटीवरून काढल्या. त्या करकरत. सकाळच्या शांततेत पाटाच्या कडेनं तो आवाज माझ्यापुढं किंवा मागं चालत असायचा.

पाटाला पाणी क्वचितच सुटायचं. तळाशी भेगाळलेला गाळ. आम्ही चालायचो त्या पलीकडच्या कडेला रस्त्याचं दुष्काळी काम चालू होतं, तिथं खडी फोडायला बायाबापड्या दिवस उगवायच्या आधीच येऊन बसलेल्या असत. तिसऱ्या-चौथ्या दिवशी त्यांना आम्ही कशासाठी चालतो ते कळलं, कारण मी घाम पुसत परत फिरलो होतो आणि आबांच्या खांद्यावरचं पोतं रिकामंच होतं. एक तरणी बाई ओरडली,

“ओ भाऊसाहेब, वाइच हातुडी धरा की! चार दिसात प्वाट जाईल, फुकाट!”

सगळ्याजणी हसल्या. आबा थांबले आणि गंभीरपणे म्हणाले, “त्याचं वजन सरकारी हाय बाई. उतरवायला वरनं परवानगी लागती.”

पुन्हा हशा. मीही हसलो. पण तिच्या शेजारची एक म्हातारी हसली नाही. हातोडी मांडीवर ठेवून ती माझ्याकडं नीट पाहत म्हणाली, “आमचं न्हाई का बरं, आपोआप उतरतंय.”

ती टोचून बोलली नव्हती. जे होतं ते तिनं सांगितलं. दुसऱ्या दिवसापासून आम्ही अलीकडच्या कडेनं जायला लागलो.

रविवारी बाजार बंद असायचा. त्या वर्षी तो एरवीही बंदच होता म्हणा, पण रविवारी फाटकाला कुलूप असे आणि त्याची किल्ली आबांकडे. आम्ही चालून आलो की आत जायचो. मी काट्याच्या लोखंडी पाटावर उभा राहायचो. आबा म्हणायचे, “लाभ.” मग दांडीवरचं वजन एका बोटानं हळूहळू सरकवायचे. दांडी तरंगली की डोळे बारीक करून वाचायचे आणि मालाला म्हणत तसंच म्हणायचे, “कापडाचं अर्धा किलो बारदान वजा जाता... येक्क्याऐंशी.” तो आकडा मी काट्यामागच्या वखारीच्या दाराच्या आतल्या बाजूला खडूनं लिहायचो. पहिल्याच रविवारी मी त्यांनाही काट्यावर चढवलं. दांडी मी सरकवली आणि “एक” म्हणालो.

“एक न्हाई म्हनायचं. लाभ म्हन.”

“लाभ,” मी म्हणालो. अठ्ठावन्न भरले.

दारावर दोन ओळी झाल्या. माझी एक्क्याऐंशीवरून निघाली, त्यांची अठ्ठावन्नवरून. माझी हळू उतरायची. कधी आठवडाभर भात टाळूनही पाव किलोसुद्धा नाही, आणि मग मी दिवसभर खट्टू. त्यांची भराभर. छप्पन्न. पंचावन्न. त्रेपन्न. “आबा, तुम्ही तर मला मागं टाकलं,” मी म्हणालो. ते म्हणाले, “चालायचा कागद तुला दिला, आन् उतरतोय मी.” मी हसून खडू खाली ठेवला. त्यांच्या गळ्याजवळची हाडं वर आलेली मला दिसत होती. पण त्या वर्षी कुणाची हाडं वर आली नव्हती? शिवाय मनात कुठंतरी असंही होतं की डॉक्टरनं सांगितलेली गोष्ट चांगलीच असणार. मला लागू पडली तशी त्यांनाही पडतेय. पुस्तकातून शिकलेल्या माणसाचा कागदावर विश्वास असतो. माझा फार होता.

पुढं ऊन चढलं तसे ते वाटेत तीन-तीनदा थांबायला लागले. पोत्याबरोबर पाण्याचा तांब्याही घ्यायला लागले. “तोंडाला कोरड पडती रं.” मी म्हणायचो, मिलो उष्ण असते. पाणी प्यायचे आणि थोडं पुढं गेलं की बाभळीआड जाऊन यायचे. घराच्या मागं, रात्री ते जिथं जात त्या कोपऱ्यात, मुंग्यांची रीघ लागायला लागली. आई तिथं हळद टाकायची, राख टाकायची, तरी मुंग्या हटत नव्हत्या. मी म्हणालो, उन्हाळा लागला की निघतात. प्रत्येक गोष्टीचं कारण माझ्याकडे तयार होतं आणि प्रत्येक कारण पटण्यासारखं होतं.

होळीनंतरच्या रविवारी त्यांचं वजन पन्नासच्या खाली गेलं. आबा काट्यावरून उतरले आणि वखारीत गेले. तिथून सरकारी छाप असलेली वीस किलोची दोन वजनं एकेक करून ओढत आणली. पूर्वी तसली वजनं ते दोन्ही हातांत दोन घेऊन चालायचे. मी मदतीला गेलो तर हातानंच थांब म्हणाले. दोन्ही वजनं पाटावर ठेवली, दांडी सरकवली. बरोबर चाळीस. दहाचं आणखी एक आणून ठेवलं. बरोबर पन्नास.

“काटा बराबर हाय,” ते म्हणाले.

मग ते काट्याच्या कडेवरच बसले. तांब्यातलं पाणी प्यायले.

“माल सुकला म्हंजे तूट येती,” ते म्हणाले. “चार दिस उन्हात पडला तर किलोमागं किती जाईल ते मला ठावं हाय. पन सुकल्याची तूट येवढी नसती. येवढी आली म्हंजे पोतं कुटं तरी उसवलंय.”

मला ते वाक्य शब्दन् शब्द आठवतं. मी त्यावर काय म्हणालो तेही आठवतं. मी म्हणालो, “आबा, तुम्ही दोन-अडीच महिने रोज चालताय. वजन उतरणं चांगलं असतं, हृदयाला हलकं पडतं. डॉक्टरांनीच सांगितलंय.” त्यांनी माझ्याकडं पाहिलं. शिकलेल्या मुलाचं बोलणं ते खोडून काढत नसत. “आसंल,” म्हणाले आणि वजनं परत नेऊन ठेवायला लागले. त्या दिवशी ती मी घेतली. त्यांनी नको म्हटलं नाही.

पाडव्याच्या आधी दोन दिवस मी डॉक्टरांकडे गेलो. पंच्याहत्तर किलो. दाबही उतरला होता. डॉक्टर खूश झाले. “शाबास. सांगितलेलं ऐकणारे पेशंट फार थोडे असतात.” त्यांनी दाखला पुढं ओढून टोपण काढलं. मला राहवलं नाही. मी म्हणालो,

“डॉक्टरसाहेब, माझे वडील रोज माझ्याबरोबर चालायला येतात. त्यांचं तर अकरा किलोंनी कमी झालं.”

त्यांचं पेन थांबलं.

“आधी किती होतं?”

“अठ्ठावन्न.”

“अठ्ठावन्नात उतरवायला होतं काय?” ते म्हणाले. मग एकामागून एक विचारत गेले. खाणं कसं आहे? चांगलं. पाणी? फार पितात. रात्री कितीदा उठतात? मी सांगत गेलो आणि सांगताना माझा आवाज मलाच लांबून ऐकू यायला लागला. “लघवीला मुंग्या लागतात का?” त्यांनी विचारलं, तेव्हा मी घरामागच्या कोपऱ्याचं सांगितलं. त्यांनी माझ्या दाखल्यावर सही केली, तो माझ्या हातात दिला आणि म्हणाले, “त्यांना आत्ता घेऊन या. संध्याकाळी नाही. आत्ता.”

घरी आलो तर आबा ओट्यावर बसून पायाला चिंधी गुंडाळत होते. मला बघून पाय मागं घेतला. मी ती सोडायला लावली. डाव्या अंगठ्याच्या बाजूला वहाणेचा पट्टा घासून घासून जखम झालेली, आणि तिच्या भोवतीचा भाग काळा पडलेला. “दुखत न्हाई,” ते म्हणाले. “दुखत न्हाई म्हनून बोललो न्हाई.” किती दिवस झाले विचारलं तर आई म्हणाली, होळीच्या आधीपासून. त्या पायानं ते रोज माझ्याबरोबर चालले होते.

दवाखान्यात डॉक्टरांनी काचेच्या नळीत निळं औषध घेतलं, त्यात लघवीचे थेंब टाकून स्पिरिटच्या दिव्यावर धरलं. निळ्याचं हिरवं झालं, हिरव्याचं पिवळं आणि मग थेट विटेसारखं लाल. आबा ते कौतुकानं बघत होते. “हे कशाचं माप?” त्यांनी विचारलं.

“साखरेचं,” डॉक्टर म्हणाले. “तुम्ही खाता ते अंगाला लागत नाही बाबा. साखर होऊन लघवीवाटे बाहेर जातंय.”

आबांनी मान हलवली. माझ्याकडं वळून अगदी हळू म्हणाले, “म्हनलं नव्हतं, पोतं उसवलंय?” त्यात रागाचा लवलेश नव्हता. आपला अंदाज काट्यानं खरा केला की ते जसं बोलायचे तसंच बोलले.

पुढचं मी थोडक्यात सांगतो, कारण ते सविस्तर सांगायची ताकद मला कधीच आली नाही. नगरच्या मोठ्या दवाखान्यात आधी अंगठा काढला. तो भरला नाही. मग पाऊल. मग गुडघ्याखालून पाय. मी तिथं व्हरांड्यात झोपायचो, आणि गावाहून आई एसटीबरोबर डबा पाठवायची. त्याच ड्रायव्हरकडे. आता तो डबा मी आबांना भरवत होतो.

घरी आणल्यावर त्यांना रोज इंजेक्शन सुरू झालं आणि खाण्याचा कागदही मिळाला. मी तो वाचून दाखवला. भाकरी दोन. भात नाही. चहात साखर नाही. आबा ऐकून घेत म्हणाले, “म्हंजी तुजाच कागद मला आला की.” आई उठून मागं गेली. ती मागं बराच वेळ राहिली.

त्या वर्षी पाऊस चांगला झाला. दसऱ्यानंतर बाजरी आली आणि बाजार पुन्हा भरला. काट्यावर आता दुसरा मापाडी होता. एका रविवारी आबा म्हणाले, मला तिकडं न्या. मी नव्या मापाड्याकडून फाटकाची किल्ली आणली. दोन हमालांनी पोत्याची झोळी करून त्यांना उचललं. त्यातला एक डोळे पुसत होता आणि दुसरा त्याला शिव्या देत होता. काट्यावर त्यांना बसवलं. मी दांडी धरली.

“लाभ,” सवयीनं तेच म्हणाले.

अडतीस भरले. मी मोठ्यानं बोललो नाही, पण दांडी ते स्वतःच वाचत होते.

“बारदान वजा कर.”

“किती करू, आबा?”

“तू शिकलेला हायेस. तूच सांग. पाय तर त्यांनी आदीच वजा केलाय.” हमाल हसावं की नाही या विचारात उभे राहिले. आबा माझ्या तोंडाकडं बघत होते, जन्मभर आकडा सांगणारा माणूस आज दुसऱ्याच्या तोंडून ऐकायला बसला होता. मी खडू हातात घेतला. तेव्हा तेच म्हणाले, “बरं, ऱ्हाऊ दे. हाय तसाच लिही.”

मी दाराच्या आतल्या बाजूला, त्यांच्या ओळीत शेवटी, अडतीस लिहिलं. पुढच्या संक्रांतीच्या आठ दिवस आधी ते गेले.

डॉक्टरांना मी नंतर एकदा भेटलो होतो. मनात जे होतं ते विचारलं. ते म्हणाले, “अर्ध्या चमच्यानं हा रोग होत नाही. तो त्यांच्या अंगात आधीच असणार. लवकर कळायला हवं होतं, एवढंच.” साखरेबद्दल त्यांनी जे सांगितलं ते मी आईला सांगितलं. ‘लवकर कळायला हवं होतं’ हे मी तिला सांगितलं नाही, कारण ते माझं होतं. ती ऐकून घ्यायची. पण महिन्या-दोन महिन्यांनी, भाकरी थापताना किंवा दिवा लावताना, पुन्हा विचारायची. “डाक्टर नक्की तसंच म्हनला व्हता ना? साखरंनं न्हाई झालं म्हनून?” मी म्हणायचो, नक्की. शेवटच्या आजारातही तिनं हेच विचारलं.

माझं वजन त्यानंतर कधी वाढलं नाही. ओळखीचे लोक त्याचं कौतुक करतात, काय करता म्हणून विचारतात. मी सांगतो, दोन भाकरी आणि पाऊण तास चालणं. चालताना आजही माझ्या हातात काहीतरी असतं, पिशवी नाहीतर छत्री.

आईनं मात्र त्या पाडव्यानंतर कुणाच्याही चहात आपल्या हातानं साखर घातली नाही. पाहुणे आले, सून आली, नातवंडं झाली, चहा तीच करायची. कप भरून प्रत्येकासमोर ठेवायची आणि पितळी डबा, चमच्यासकट, आमच्याकडं सरकवून दुसरीकडं बघायची.